पहिला फोन चोराचा आला: सोलापुरातल्या एका पतसंस्थेचं प्रकरण

विधानसभेच्या मतदानाचा दिवस होता, २० नोव्हेंबर २०२४. कारखाने बंद, बँका बंद, पतसंस्थाही बंद. पतसंस्थेच्या सभासद असलेल्या अक्का मतदान करून आल्या आणि दुपारी दारातच सूप मांडीवर घेऊन बिडीची पानं कातरत बसल्या. तेवढ्यात फोन आला. पलीकडचा माणूस हिंदी मिसळलेल्या मराठीत बोलत होता, पण त्याला अक्कांचं पूर्ण नाव ठाऊक होतं. पिग्मी खात्याचा, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायच्या खात्याचा, नंबर ठाऊक होता. रोज संध्याकाळी येणाऱ्या एजंटचं नाव ठाऊक होतं. खात्यावरची शिल्लकही त्याने बरोबर सांगितली. अक्कांनी आदल्या दिवशीची पावती डब्यातून काढून ताडून बघितली: ४१,३२० रुपये.

"संस्थेचा लाभांश आलाय, तुमच्या बँक खात्यात टाकायचाय. ॲप पाठवतो, तेवढं मोबाइलमध्ये टाकून घ्या."

व्हॉट्सॲपवर संस्थेचं बोधचिन्ह लावलेली फाइल आली. मुलाने ती अक्कांच्या मोबाइलमध्ये टाकली. ते ॲप मोबाइलवर येणारे मेसेज परस्पर वाचत होतं, ओटीपीसुद्धा, हे नंतर कळलं. साडेचारपर्यंत अक्कांच्या बँकेतल्या बचत खात्यातून तीन वेळा मिळून २३,५०० रुपये गेले.

पिग्मीचे ४१,३२० जागेवरच होते. माहिती फुटली पतसंस्थेतून आणि पैसा गेला बँकेतून. पुढची सगळी भांडणं याच फटीत अडकली.

मी सहकार खात्याच्या नामतालिकेवरची लेखापरीक्षक. या प्रकरणाआधीची दोन वर्षं या पतसंस्थेचं लेखापरीक्षण माझ्याकडे होतं आणि दोन्ही वर्षं मी तिला 'अ' वर्ग दिला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी इतरांना बरंच बोलणार आहे. चेअरमनांना विचारूनच लिहितेय. संस्थेचं नाव, पेठ, माणसांच्या ओळखीच्या खुणा काढल्या आहेत, संस्थेचे आकडे थोडे इकडेतिकडे केले आहेत. घटनांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

कुठून फुटलं

शहराच्या पूर्व भागातली संस्था. तीन शाखा, साधारण ७,४०० चालू खाती, अठरा पिग्मी एजंट. सभासद म्हणजे बिडी कामगार बायका, यंत्रमागावरचे कामगार, किराणावाले, टॉवेलच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या मुली. काउंटरवर मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही चालतात. एजंटकडे मोबाइल आणि कमरेला लटकवलेला छोटा प्रिंटर. शंभर रुपये दिले की टर्रकन पावती हातात.

नेट बँकिंग नाही, एटीएम नाही. "आपल्याकडं हॅक करण्यासारखं आहेच काय?" असं व्यवस्थापक म्हणायचे आणि पैशापुरतं ते खरंही होतं. चोराला इथून एक रुपयाही परस्पर वळवता आला नसता. पण पैसा नसला तरी पैशाची माहिती होती. कोणाचं कोणत्या बँकेत खातं, किती शिल्लक, वारस कोण, आधार, पॅन, मोबाइल, आणि सोनेतारणाच्या वहीतले दागिन्यांचे वजनासकट तपशील.

सॉफ्टवेअर बाहेरगावच्या एका कंपनीचं. दिवाळीच्या सुट्टीत तिने सर्व्हर बदलला आणि रोज रात्रीचा बॅकअप, म्हणजे सगळ्या माहितीची प्रत, इंटरनेटवरच्या ज्या साठवणीत जातो, तिला कुलूप लावायचं राहून गेलं. पासवर्ड नाही, काही नाही. पत्ता सापडला की कोणीही फाइल उतरवून घ्यावी. अशा उघड्या साठवणी शोधत फिरणारी यंत्रं रात्रंदिवस चालू असतात.

माझी तपासणी कशी होती ते सांगते. सोन्याच्या पिशव्या मी एकेक उघडून वजन करते. हातातली रोकड मोजते. थकबाकीची वर्गवारी लावते, तारणाचा मूल्यांकनदार कोणाचा मेहुणा आहे तेही मला माहीत असतं. बॅकअप रोज घेतला जातो का, एवढं विचारून मी 'होय' वर खूण करत होते. तो जातो कुठे आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे दोन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

दाराला कुलूप आपलं, पण किल्ली तिसऱ्याकडे, ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानसाखळीतून २०१३ मध्ये सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती गेली, तेव्हा चोर शिरले ते दुकानांच्या एसीचं काम बघणाऱ्या ठेकेदाराला दिलेल्या लॉगिनवरून. आपल्याकडे २०१६ मध्ये ३२ लाख डेबिट कार्डांचा घोळ झाला. तो बँकांच्या स्वतःच्या यंत्रणेत झाला नव्हता, एटीएमचे व्यवहार हाताळणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेसच्या यंत्रणेत झाला होता. आणि आमच्या प्रकरणाच्या जेमतेम चार महिने आधी, जुलै २०२४ च्या अखेरीला, लहान बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर खंडणीखोर व्हायरसचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे ऑनलाइन व्यवहार खबरदारी म्हणून तोडावे लागले. त्या वेळी आमच्या संचालकांनी पेपर वाचून "बरं झालं, आपण त्यात नाही" म्हटलं होतं.

न उघडलेलं पत्र

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी संस्थेच्या ईमेलवर एक पत्र आलं. कोणा अनोळखी तरुणाचं, इंग्रजीत. तुमच्या सभासदांची माहिती उघड्यावर पडली आहे, हा त्याचा पत्ता, ताबडतोब बंद करा, अशा आशयाचं. सोबत दोन ओळींचा नमुना, खात्यांचे नंबर अर्धे झाकून. पैसे मागितले नव्हते, धमकी नव्हती.

तो ईमेल पत्ता फक्त आयकराच्या नोटिसांसाठी काढलेला. लिपिकाने पत्र उघडलं, इंग्रजी आणि निळी लिंक बघून फसवणुकीचं असेल म्हणून बंद केलं. त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. अनोळखी लिंकवर बोट ठेवू नका, असं प्रशिक्षण त्याला मीच दिलं होतं.

पण कायद्याचं घड्याळ बहुधा तिथेच सुरू झालं. संगणक सुरक्षेची राष्ट्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून सहा तासांत कळवायची असते. ते निर्देश कंपन्या, संस्था सगळ्यांना धरून आहेत. आमच्या संस्थेत सर्ट-इन हे नाव पहिल्यांदा उच्चारलं गेलं ते पत्रानंतर दोन आठवड्यांनी.

पत्र सोमवारी आलं, चोराचे फोन पुढच्या आठवड्यातल्या बुधवारी सुरू झाले. नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत कुलूप लावून अठरा एजंटांना दारोदार पाठवलं असतं, तर अक्कांना पहिली खबर ओळखीच्या माणसाकडून मिळाली असती. मला या प्रकरणात म्हणण्यासारखं मुख्य हेच वाटतं. माहिती फुटली त्या रात्री कोणाचाही एक पैसा गेला नव्हता. पैसे गेले ते संस्थेने तोंड उघडायच्या आधी चोराने उघडलं म्हणून.

काउंटरवरचा गुरुवार

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी एक निवृत्त गुरुजी शाखेत आले. त्यांनाही तसाच फोन आला होता. त्यांनी फाइल उघडली नाही, नंबर लिहून घेतला, फोनवर काय काय सांगितलं ते वहीत उतरवलं आणि वही घेऊनच आले.

"ही शिल्लक माझ्या पासबुकात आणि तुमच्या संगणकात, दोनच ठिकाणी आहे. पासबुक माझ्या कपाटात आहे," गुरुजी म्हणाले.

व्यवस्थापकांनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गुरुजी, आपल्याकडून काही गेलेलं नाही. तुम्हीच कुठंतरी आधारची झेरॉक्स दिली असणार बघा. हल्ली सगळीकडं चाललंय हे."

गुरुजींनी शांतपणे विचारलं, "झेरॉक्सवर पिग्मीची शिल्लक असते का ओ?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तिथे रांगेत उभ्या असलेल्या पाच-सात जणांनी तो ऐकला. चोरीची पहिली ठोस माहिती, तीही फुकट आणि लेखी, संस्थेकडे चालत आली होती. तिला 'तक्रार' म्हणून परत पाठवलं. अशा वेळी ग्राहक हाच आपला सर्वांत चांगला पहारेकरी असतो, पण काउंटरच्या आतून तो शत्रूसारखा दिसतो. गुरुजींनी बाहेर येऊन चहाच्या टपरीवर सगळी वही वाचून दाखवली.

त्याच दिवशी एका एजंटाने व्यवस्थापकांना गाठलं. "लोक विचारलालेत मला. तुझं नाव घेऊन फोन आला म्हणतेत. मी काय सांगू ओ त्यांना?" त्याला उत्तर मिळालं: काही सांगू नकोस.

त्या पोराची काय अवस्था झाली असेल ते ज्याने पिग्मी गोळा होताना पाहिली आहे त्यालाच कळेल. पिग्मी संस्थेच्या पाटीवर गोळा होत नाही, ती एजंटाच्या तोंडाकडे बघून दिली जाते. आता त्याच तोंडाकडे लोक चोराचा साथीदार म्हणून बघू लागले. एका घरात त्याला पाणीही विचारलं नाही.

संचालक मंडळ

निकालाचा शनिवार गुलालात गेला. सोमवारी तातडीची सभा बसली. मला 'विशेष निमंत्रित' म्हणून बोलावलं होतं. कोणीतरी तो जुना ईमेल शोधून काढला होता. सॉफ्टवेअर कंपनीला फोन लावला तेव्हा त्यांनी दहा मिनिटांत साठवण बंद केली. तीन आठवडे उघडं असलेलं दार दहा मिनिटांत लागलं. मग कंपनीने लेखी कळवलं की "कोणताही गैरवापर आढळलेला नाही". समोर टेबलावर आठ सभासदांच्या पोलीस तक्रारींच्या प्रती पडल्या होत्या.

सभेत उघड दोन तट पडले. सुताचे व्यापारी असलेले एक जुने संचालक म्हणाले, "बोललो की मेलो. उद्या सकाळी दारात रांग लागेल. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा होऊ द्या, लोक विसरतील." या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. त्यांच्या भीतीला हिशेब होता. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून ५ लाखांपर्यंत मिळतात. पतसंस्थेला ते कवच नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते, रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. कोणतीही संस्था सगळ्या ठेवी एका दिवसात देऊ शकत नाही, पैसा कर्जात गुंतलेला असतो. एक अफवा आणि चांगली संस्था चार दिवसांत आडवी. सोलापूरकरांनी हे पाहिलेलं आहे.

फक्त त्यांचा हिशेब एका ठिकाणी चुकत होता. गप्प बसलो तर गोष्ट गप्प राहील, हे त्यांनी धरून चाललं होतं. गोष्ट गुरुवारीच टपरीवर पोचली होती.

मी त्यांना इक्विफॅक्सचं उदाहरण दिलं. अमेरिकेतली ही पत-माहिती कंपनी. कोणाला कर्ज द्यावं हे तिच्या नोंदींवर ठरतं. २०१७ मध्ये तिच्याकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीला जुलैच्या अखेरीला कळलं, तिने लोकांना सांगितलं ७ सप्टेंबरला. सांगतानाही अशी घाई-गडबड की मदतीसाठी उघडलेल्या संकेतस्थळासारख्याच नावाच्या भलत्याच संकेतस्थळावर तिच्या अधिकृत ट्विटर खात्याने लोकांना पाठवलं. ते एका जाणकाराने कंपनीला धडा म्हणून बनवलेलं निघालं, हे लोकांचं नशीब. कंपनीच्या प्रमुखाला त्याच महिन्यात पद सोडावं लागलं आणि २०१९ मध्ये ७० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड करावी लागली.

"मॅडम, आपली उलाढाल केवढी, त्यांची केवढी," चेअरमन म्हणाले. रास्त होतं. मग मी पुण्याच्या कॉसमॉस बँकेकडे वळले. ती सगळ्यांना माहीत होती. ऑगस्ट २०१८ मध्ये दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले, २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी काढलेले आणि काही हाँगकाँगला पाठवलेले. बँकेने यंत्रणा बंद केली, पोलिसांत गेली आणि लगेच जाहीर सांगितलं की गेले ते बँकेचे, ठेवीदारांच्या खात्यांना हात लागलेला नाही. ती बँक आजही उभी आहे. या उदाहरणावर सभागृह जरा ऐकू लागलं.

तरीही ठराव झाला तो अर्धामुर्धा. मंगळवारी फलकावर सूचना लागली:

"काही तांत्रिक कारणास्तव सभासदांना अनोळखी फोन येत असल्याचे निदर्शनास आले आहे. संस्था आर्थिकदृष्ट्या भक्कम असून सभासदांनी घाबरून जाऊ नये. अफवांवर विश्वास ठेवू नये."

ही सूचना मी घरी जेवताना नवऱ्याला वाचून दाखवली. तो म्हणाला, "भक्कम आहे असं लिहावं लागलं म्हणजे काहीतरी हललंय."

बुधवारी सकाळी नऊला, शाखा उघडायच्या आधी, दारात साठ-सत्तर माणसं होती. दोन दिवसांत ४६ लाखांच्या ठेवी मोडल्या गेल्या. सूत व्यापाऱ्यांना जी रांग टाळायची होती तीच लागली, आणि ती लागली न बोलल्यामुळे.

दुसरा कागद

चेअरमनांचं एक मान्य करायला हवं. बुधवारी दुपारी ते खुर्ची घेऊन रांगेशेजारी बसले आणि ज्याला पैसे हवेत त्याला मिळतील असं सांगत राहिले. जिल्हा मध्यवर्ती बँकेतल्या राखीव ठेवीतून रोकड मागवली होती. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी एजंटांना बोलावून विचारलं की लोकांना नेमकं काय सांगायला पाहिजे. हा प्रश्न संचालकांना विचारण्यात एक आठवडा गेला होता; एजंटांनी अर्ध्या तासात उत्तर दिलं. शुक्रवारी एका पानाचा कागद छापला, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, कन्नड वेगळा. मराठी मजकुरातला मधला भाग असा होता:

"आपल्या संस्थेच्या संगणकातील माहिती बाहेरच्या लोकांच्या हाती गेली आहे. यात तुमचे नाव, मोबाइल, आधार व पॅन क्रमांक, खात्याची शिल्लक, सोनेतारणाचा तपशील आहे. तुमची ठेव व तारण ठेवलेले सोने सुरक्षित आहे. आमच्या नावाने फोन येईल. तो आमचा नसेल. संस्था कोणतेही ॲप पाठवत नाही. तुमची शिल्लक बरोबर सांगितली म्हणून विश्वास ठेवू नका. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा, मग आपल्या बँकेला, मग आम्हाला."

'तुमची शिल्लक बरोबर सांगितली म्हणून विश्वास ठेवू नका' हे वाक्य त्या गोंधळलेल्या एजंटाचं. सगळ्या कागदात मला तेच मोलाचं वाटतं. फसणाऱ्याला नंतर सगळे म्हणतात, अनोळखी माणसावर भरवसा ठेवलाच कसा. पण फोन करणारा अनोळखी वाटतच नव्हता. आपल्या घरातल्या डब्यातली पावती त्याला दिसत होती.

आणखी एक युक्ती दुसऱ्या एजंटाची. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लोकांच्या लक्षात राहत नव्हता. तो सांगू लागला, "मार्शल लॉचं साल." मे १९३० मध्ये इंग्रजांनी या शहरावर लष्करी कायदा लादला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून रोज जाणाऱ्या सोलापूरकराला ते साल विसरता येत नाही. दिल्लीत बसून कोणी हे मुद्दाम ठरवलं नसेल, पण आमच्या कामी आलं.

अठरा एजंट तीन दिवस फिरले. कागद द्यायचा, वाचून दाखवायचा, सही घ्यायची. त्यानंतरही फोन येत राहिले, पण आमच्या माहितीत फक्त एकच माणूस फसला, आणि तो पुण्याला मुलाकडे गेला होता, त्याला कागद पोचला नव्हता. ठेवी मोडणं सोमवारपर्यंत थांबलं. काहींनी मोडलेल्या ठेवी परत आणल्या, पण सगळ्यांनी नाही.

रुपयात न मोजलेलं

सोनेतारणाच्या यादीने जे केलं त्याचा तक्ता माझ्या अहवालात नाही. एका यंत्रमाग कामगाराने बहिणीच्या बाळंतपणासाठी बायकोचं गंठण तारण ठेवलं होतं, तिला न सांगता. चोराने घरी फोन केला, बायकोने उचलला: "तुमचं २८ ग्रॅमचं गंठण सोडवायची मुदत संपली, आजच्या आज भरा नाहीतर लिलाव होईल." पैसे गेले नाहीत, कारण घरात पैसे नव्हतेच. पण ती माहेरी निघून गेली. हा माणूस संस्थेत येऊन ओरडला नाही, नुसता बाकावर बसून राहिला. नुकसान झालेल्यांच्या यादीत त्याचं नाव घालावं का, यावर लिपिक आणि व्यवस्थापकांत वाद झाला. शेवटी घातलं नाही. रकमेच्या रकान्यात काय लिहायचं ते ठरेना.

पैसे कोणी द्यायचे

नऊ जणांचे मिळून सुमारे तीन लाख गेले. त्यांतल्या एका जॉबरची, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याची, गोष्ट वेगळी ठरली. मागाच्या खडखडाटातही त्याने मेसेज पाहिला आणि वीस मिनिटांत १९३० ला फोन केला. व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, बँकेचं नाव हाताशी होतं. ६२,००० पैकी ४९,००० पुढच्या खात्यात गोठवले गेले आणि काही महिन्यांनी न्यायालयाच्या आदेशाने परत मिळाले. अक्कांनी मात्र रात्री मुलाचे वडील आल्यावर विचार केला आणि दुसऱ्या दिवशी आधी पोलीस चौकीत गेल्या. तोवर पैसे पाच खात्यांतून पुढे जाऊन एटीएममधून निघाले होते.

त्यांची बँक काय म्हणाली? रिझर्व्ह बँकेचं तेव्हा लागू असलेलं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं होतं. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच ठिकाणचा असेल आणि ग्राहकाने बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. पण पैसे ग्राहकाच्या निष्काळजीपणाने गेले तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला होता. बँकेने एका ओळीत सिद्ध केलं: ॲप तुम्हीच टाकलं.

बँकेच्या चष्म्यातून हे बरोबर दिसतं. पण अक्कांनी ॲप टाकलं ते पतसंस्थेतून फुटलेल्या माहितीमुळे, आणि परिपत्रक पतसंस्थेला लागूच नव्हतं. पतसंस्था म्हणते पैसे बँकेतून गेले, बँक म्हणते माहिती पतसंस्थेतून गेली, आणि सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात तिची जबाबदारी वर्षाच्या देखभाल शुल्काइतकीच मर्यादित लिहिलेली. तो करार मी तपासला होता. शुल्काची रक्कम वहीशी जुळते का, एवढंच बघितलं होतं.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांना दीड वर्षाची मुदत आहे. ती संपली की ज्याची माहिती फुटली त्याला विनाविलंब, सोप्या भाषेत, काय गेलं आणि आता काय करायचं हे कळवणं बंधनकारक होईल. आमच्या दुसऱ्या कागदासारखं, पहिल्या सूचनेसारखं नव्हे. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटींपर्यंत. आकडा ऐकून संचालकांचे डोळे विस्फारले. पण तो दंड जातो सरकारी तिजोरीत. अक्कांना त्यातला एक रुपया मिळण्याची सोय त्या कायद्यात नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं कोण जाणे, मला हे पटलेलं नाही.

मार्चमध्ये संचालकांनी ठरवलं की नऊ जणांना गेलेल्या रकमेच्या निम्मे द्यायचे. मग प्रश्न आला माझ्याकडे: कोणत्या खाती टाकायचे? 'नुकसानभरपाई' लिहिलं तर चूक कबूल केल्यासारखं होतं, वकील घाबरले. शेवटी धर्मादाय निधीतून 'आर्थिक मदत' म्हणून धनादेश काढले, सर्वसाधारण सभेच्या मंजुरीला अधीन राहून. नियमात बसलं.

अक्कांनी ११,७५० चा धनादेश घेतला, व्हाउचरवरचा मजकूर मुलाकडून वाचून घेतला आणि मान हलवली. "मदत कशाला म्हणलालेत? मी मागायला आली होती का?" सही मात्र केली.

लेखापरीक्षण अहवालात मी त्या वर्षी संस्थेला 'ब' वर्ग दिला. चेअरमन चिडले, माहिती फुटल्याबद्दल वर्ग कमी करायचा रकाना नमुन्यात कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. रकाना नव्हताच. मी अंतर्गत नियंत्रणाच्या शीर्षाखाली गुण कापले आणि ते आजही माझ्याशी जरा तुटकच बोलतात. बॅकअपची किल्ली आता व्यवस्थापकांकडे आणि एका संचालकांकडे आहे, पावतीवर खात्याचे शेवटचे चारच आकडे छापतात. काही सभासद एजंटाला उरलेले आकडे पेनाने लिहून मागतात. पूर्ण नंबर दिसला नाही तर त्यांना पावती खोटी वाटते.

अक्कांनी पिग्मी बंद केली नाही, शंभराची पन्नास केली. जूनमध्ये संस्थेने केवायसी नव्याने करायला घेतली आणि मुख्य शाखेतून खरोखरच्या लिपिकाने त्यांना फोन केला. नाव, खाते क्रमांक, शिल्लक सगळं बरोबर सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं, फोन कापला आणि १९३० ला कळवलं. आता केवायसीचे फॉर्म घेऊन एजंटच दारोदार फिरतोय.